साडूंचा एकविसावा उंदीर

आमच्या साडूंइतका धीट माणूस पेणपासून रोह्यापर्यंतच्या मुलखात दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. एका पावसाळ्यात त्यांच्या परसात फुरसं निघालं, तेव्हा शेजारचे चार बाप्ये काठ्या घेऊन लांबून नुसते ओरडत होते. साडू बनियनवर बाहेर आले, फुरशावर बादली पालथी घातली, बादलीवर बसले आणि सर्पमित्र येईपर्यंत त्यांनी तिथेच बसून चहा प्यायला. एसटीत दारू पिऊन बायकांना त्रास देणाऱ्या एका धटिंगणाला त्यांनी पट्ट्याला धरून उचललं आणि कोलाडला त्याच्या पिशवीसकट खाली ठेवलं. आज त्रेसष्टाव्या वर्षी चौदा फुटी गणपतीच्या परांचीवर दातात ब्रश धरून ते चढतात आणि वरून खालच्यांनाच ‘सांभाळून रे’ म्हणतात. असा हा माणूस. पण उंदीर दिसला की साडू स्टुलावर. स्टूल नसेल तर खुर्चीवर, खुर्ची नसेल तर जो कोणी जवळ उभा असेल त्याच्या अंगावर. माझ्या लग्नात ते माझ्याच अंगावर चढले होते. मांडवाच्या कडेला रचलेल्या तांदळाच्या पोत्यांतून एक उंदीर निघाला आणि साडूंनी बोहल्यावर उडी मारून माझ्या गळ्याला मिठी घातली. आमच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. त्यात बायको एका बाजूला अंग चोरून उभी आहे आणि मधोमध मी आणि साडू. सासरच्या मंडळींनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. थोरल्या जावयाचा धाकट्यावर किती जीव, असं म्हणून सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला होता.

आता यातली गंमत अशी, की साडूंचा धंदा गणपतीचा. रामवाडीच्या बाजूला त्यांचा कारखाना आहे. पेणमध्ये कारखाना म्हटलं की कसला, हे कुणी विचारत नाही. वडिलांपासूनचं काम. साचे, माती, काथ्या, पांढऱ्या रंगाचे डबे, आणि सगळ्याच्या शेवटी डोळ्यांची आखणी, जी ते स्वतःशिवाय कुणाला करू देत नाहीत. गणपती म्हटला की त्याच्या पायाशी उंदीर हा आलाच. त्यामुळे नवा ओळखीचा माणूस हमखास विचारतो, की साडू, तुम्ही उंदराला घाबरता आणि जन्मभर उंदरांच्या संगतीत कसे काय? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. “द्येवाचा उंदीर वेगळा ओ. तो बसलेला आसतो. त्याच्या हातात लाडू हाय, त्याला कामधंदा हाय. पोत्यातल्या उंदराला काय काम हाय सांगा? तो माझ्याच आंगावर येणार.” मात्र खऱ्या उंदराकडे अर्ध्या क्षणापेक्षा जास्त वेळ त्यांनी कधी पाहिलेलंच नसल्यामुळे त्यांनी हाताने घडवलेले उंदीर, खरं सांगायचं तर, उंदरासारखे दिसत नसत. कुणाला त्यात ससा दिसायचा, कुणाला खार. आमच्या घरच्या गणपतीपुढे एक वर्ष जो उंदीर आला, तो आम्हा दोघांच्या सासऱ्यांचा चेहरा घेऊन आला होता. ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या वर्षी नमस्कार करताना नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकली.

या भीतीची व्यवस्था साडूंनी मोठी शिस्तशीर ठेवली होती. कारखान्याचं दार उघडण्यापूर्वी ते तीनदा टाळ्या वाजवत, मग पाय आपटत, मग “येतो रे!” अशी हाक देत, आणि मगच आत पाऊल टाकत. अचानक समोरासमोर येणं दोघांनाही बरं नाही, म्हणायचे. दिवसभर रेडिओ लावलेला असे, कारण उंदरांना बातम्या सोसत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. पायजम्याचे पायचे रबर लावून बंद केलेले असत. मांजरं चार पाळली होती, पण ताईने बोंबलांची डोकी चारून त्यांची अशी काही सरबराई ठेवली होती, की उंदीर समोरून गेला तर मांजर मान वळवून दुसरीकडे बघायचं. आणि स्टुलं. घरात आणि कारखान्यात मिळून सात स्टुलं, प्रत्येक खोलीत एक, दारापासून दोन पावलांवर. आम्ही रोह्याला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला लोकांनी भांडी आणली, घड्याळं आणली. साडूंनी शिसवी स्टूल आणलं आणि स्वतःच्या हाताने हॉलमध्ये योग्य जागी ठेवलं. तेव्हापासून ते आमच्याकडे निश्चिंत मनाने राहायला येऊ लागले.

असं सगळं सुखात चाललं होतं. भीतीमुळे माणसाचं आयुष्य अडतं वगैरे जे म्हणतात, तसं साडूंचं काहीही अडलं नव्हतं. ते अडलं चिमीमुळे. चिमी त्यांची नात, मुलाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. आजोबांच्या मागे मागे फिरायची, आजोबांसारखा ब्रश कानावर खोचायची. एक दिवस स्वयंपाकघरात उंदीर निघाला, साडू आपल्या स्टुलावर गेले आणि वरून पाहतात तो शेजारच्या पाटावर चिमी. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, आणि अगदी आजोबांच्या सुरात, “आला! आला!” पहिल्यांदा सगळे हसले. साडू तर कौतुकाने हसले. पण पुढे ती जमिनीवर बसेनाशी झाली. जेवायला खाली बसेना, खेळायला खाली बसेना. बालवाडीच्या भिंतीवर उंदीरमामाचं चित्र होतं, ते दिसलं की किंचाळायची आणि बाईंना चिकटून बसायची. मग एक दिवस बालवाडीत जायचंच नाही म्हणाली आणि अंगणातल्या खांबाला घट्ट धरून बसली. तिचे हात सोडवता सोडवता ताई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “पोरीनं तुमच्याकडनंच घेतलंय हो हे.” दुपारी मला साडूंचा फोन आला. नेहमी फोनवर आधी पाच मिनिटं माझी चेष्टा करणारा माणूस एकदम म्हणाला, “साडू, आपल्याला बरं व्हायचं हाय. गणपतीच्या आधी.”

रोह्यात आठवड्यातून दोन दिवस मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक मॅडम येतात, औषधांच्या दुकानावर त्यांची खोली आहे, हे मी त्यांना लगेच सांगितलं. पण साडूंनी ते मनावर घेतलं नाही. “डॉक्टर-बिक्टर नको. उंदीर माझा, भीती माझी, त्यात तिसरा मानूस कशाला?” स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्यांनी एक पुस्तक आणलं. भीती एकवीस दिवसांत कशी घालवावी, घरच्या घरी, कुणाच्याही मदतीशिवाय. एकवीस हा आकडा बघूनच ते खूश झाले, कारण गणपतीला तो चालतो. पुस्तकात सांगितलं होतं, की ज्या प्राण्याची भीती वाटते त्याच्या जवळ एकेक पायरीने जायचं. आधी चित्र, मग खेळण्यातला प्राणी, मग हलतं चित्र, मग लांबून खरा, मग जवळून. प्रत्येक पायरीला भीतीला दहापैकी गुण द्यायचे. आणि भीती वाढली तर पळायचं नाही, ती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. पद्धत चुकीची नव्हती. चुकलं ते इतकंच, की ती एका पेणच्या मूर्तिकाराच्या हातात पडली.

खेळण्यातला उंदीर आणा, असं पुस्तक म्हणतं. साडूंनी विचार केला, विकत कशाला आणायचा, आपण काय मेलो आहोत? त्यांनी शाडूचे उंदीर करायला घेतले, रोज एक, प्रत्येक उंदीर आदल्या दिवशीपेक्षा थोडा जास्त खरा. कॅलेंडरवर रोज गुण मांडले जाऊ लागले आणि मला रोज फोन येऊ लागला. “साडू, आज चौथ्याला मिशा लावल्या. ब्रशाचे केस. भीती शून्य.” “साडू, नवव्याला सुतळीची शेपूट. हातात धरून बसलोय. शून्य!” दहाव्या दिवशी त्यांनी मला माझ्या झुरळांच्या भीतीसाठी हीच पद्धत सुचवली आणि झुरळ करून पाठवू का म्हणून विचारलं. जो उंदीर आपण स्वतः मळला, थापला, वाळवला आणि रंगवला, त्याला आपण का घाबरू, ही शंका मी भीत भीत काढली. “पुस्तकात तसं कुठं लिवलेलं नाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. विसाव्या दिवसापर्यंत कॅलेंडरावर नुसती शून्यं होती, आणि फळीवर ओळीने वीस उंदीर, ससा, खार आणि सासरे यांच्या निरनिराळ्या प्रमाणात.

त्याच संध्याकाळी त्यांनी हलत्या चित्राची पायरी घेतली. मुलाच्या मोबाइलवर उंदराचा व्हिडिओ लावला. आधी ताईच्या पाठीमागून, मग तिच्या खांद्यावरून, मग चष्मा पुसून. आणि जन्मात पहिल्यांदा साडूंनी उंदराचा चेहरा नीट पाहिला. घाबरायच्या ऐवजी त्यांच्यातला कारागीर जागा झाला. मला फोन करून म्हणतात कसे, “अरे साडू, त्याच्या कानातनं उजेड आरपार दिसतो रे! आनि नाक सारखं लवतं. चाळीस वर्षं मी काय करत होतो रे? येकाला तरी खरं नाक काढलं काय मी?” दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत कारखान्यात बसून होते. एकविसावा उंदीर झाला. त्यांच्या मुलाने रात्री मला त्याचा फोटो पाठवला, म्हणून सांगतो. मातीला त्यांनी असा काही राखी रंग दिला होता की पाठीवरचे केस ओलसर वाटावेत. कान पातळ पापुद्र्यासारखे. एक पाय किंचित उचललेला. डोळ्यांत आखणीचा तो थेंब, जो ते गणपतीच्या डोळ्यांत टाकतात. भीती शून्य, असं कॅलेंडरावर लिहून साडू समाधानाने घरी गेले.

सकाळी ताई झाडलोट करायला गेली आणि तिने फळी पुसताना तो उंदीर उचलून उंबऱ्याजवळच्या पोत्यावर ठेवला. मागून साडू आले. टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, हाक दिली, दार उघडलं. पुढचं सांगायला नको. रामवाडीतल्या लोकांनी ती किंकाळी हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नवरून ऐकली. साडू स्टुलावर, आणि काही केल्या खाली येईनात. ताई खालून सांगतेय, “अवो, तुमचाच हाय तो!” आणि हे वरून, “माझा फळीवर हाय! ह्यो हलून आलाय!” तीन दिवस कारखाना बंद राहिला. कारागिरांनी त्या सुट्टीत आपापल्या गावी जाऊन भात लावून घेतलं. शेवटी ताईने तो उंदीर माती भिजवायच्या टबात सोडला आणि तो विरघळल्यावर घरी निरोप दिला. साडूंनी विचारलं, “मेला काय नक्की?”

मी पेणला गेलो तेव्हा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं म्हणणं, पुस्तकात लिहिलेलं सगळं त्यांनी केलं होतं, अक्षर न् अक्षर. पळायचं नाही म्हटलं, तर ते पळाले नव्हते. “भीती उतरेपर्यंत मी तिथंच होतो साडू. येक पाऊल हललो नाय.” मी म्हटलं, पण तुम्ही स्टुलावर होता. स्टुलावर चढणं हेही पळणंच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, स्टुलावर तर आपण नेहमीच असतो. अंगणात चिमी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि बालवाडीला अजून जात नव्हती. तिच्याकडे बघून साडू म्हणाले, “चल, तुझ्या मॅडमकडं.”

मॅडम पस्तिशीच्या असतील. शांत, आणि हसू दाबून ठेवायची सवय असलेल्या. साडूंनी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवलं, जणू काही आधीच्या डॉक्टरांचे कागद. त्यांनी ते चाळलं आणि म्हणाल्या, “पुस्तक चांगलं आहे.” साडूंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. “आपणही हेच करायचं. पण माझ्या खोलीत, एकाच बैठकीत, तीन तास. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी काहीही करणार नाही. आणि या वेळी उंदीर खरा.” साडूंची नजर आपोआप खोलीत फिरली. तिथे एकही स्टूल नव्हतं. मॅडम पुढे म्हणाल्या, “उंदराची सोय मात्र तुम्हाला करावी लागेल. माझ्याकडे उंदीर नसतात.”

तुम्हाला म्हणजे मला. घरी येऊन मी बोंबलाचा तुकडा अडकवून पिंजरा लावला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. “बारा वर्षं सांगते, पिंजरा लावा, पिंजरा लावा. मी सांगितलं तेव्हा नाही, आणि भावजींना पाहिजे म्हटल्यावर लगेच.” उंदीर मिळाला. पिंजऱ्यावर टॉवेल टाकून मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, “पोपट काय, काका?” मी म्हटलं, व्हय. “बोलतो?” मी म्हटलं, अजून नाही. उतरताना त्याने टॉवेलपाशी तोंड नेऊन “मिठू मिठू” केलं, आणि आतून जी खसफस झाली ती ऐकून तो पैसे मोजायचे विसरला.

त्या तीन तासांबद्दल मी पुष्कळदा सांगितलं आहे आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. पण एवढं खरं, की साडू सुरुवातीला खिडकीला पाठ लावून चटईवर बसले होते आणि पिंजरा पार समोरच्या भिंतीशी होता. मॅडम आधी स्वतः पिंजऱ्याशेजारी जाऊन बसल्या. हात आत घालायचा नाही, असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. उंदरामुळे आजार होतात, कोकणात लेप्टोची काळजी घ्यायचीच. साडू उसळून म्हणाले, “म्हंजे माझी भीती बरोबर हाय!” त्या म्हणाल्या, “काळजी बरोबर आहे. स्टूल चूक आहे.” मग त्यांनी साडूंना पुस्तकातलं ‘पळायचं नाही’वालं तेच पान मोठ्याने वाचायला लावलं, जे त्यांनी घरी वीस वेळा वाचलं होतं. आणि मग कागद-पेन्सिल हातात देऊन म्हणाल्या, “काढा उंदीर. दिसतो तसा.”

साडूंनी भिंतीपासून काढायला घेतला. पहिलं चित्र झालं ते भोपळ्यासारखं. मॅडम म्हणाल्या, “कान नाहीत.” “कान दिसत नायत हितनं.” “मग?” साडू चटईसकट हातभर पुढे सरकले. दुसऱ्या चित्रात कान आले, पण शेपूट नीट नव्हती. आणखी हातभर. एकदा उंदराने पिंजऱ्यात उडी मारली तेव्हा साडू ताडकन उभे राहिले आणि चढायला काही सापडेना म्हणून माझ्याकडे वळले. मी लग्नातला फोटो आठवून खुर्चीत मागे सरलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बसा,” आणि साडू बसले. इतकंच. पुस्तकाने ‘बसा’ म्हटलं असतं तरी त्याला साडू उभे राहिलेत हे कुठून दिसणार होतं? नवव्या चित्राला पिंजरा त्यांच्या गुडघ्याला लागून होता आणि ते उंदराला दटावत होते, “आरं हलू नको, नाक राह्यलंय तुझं.” मला दोन तासांपासून लघवीला जायचं होतं, पण दार उघडायची परवानगी नव्हती.

नंतरचे आठ दिवस पेणमध्ये साडूंशिवाय विषय नव्हता. पुस्तक बरं की डॉक्टर बरा, यावर ते पानाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला गाठून व्याख्यान देत. “पुस्तक म्हंजे साचा. साच्यातनं गणपती निघतो, पन डोळं कोनीतरी समोर बसून काढायला लागतात.” नवव्या दिवशी घरात उंदीर निघाला आणि साडू, व्याख्यानासकट, स्टुलावर. समोरच्या पाटावर चिमी. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघत वर उभे. नंतर फोनवर त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला क्षणभर वाटलं चिमीच बोलतेय. त्यांनी मॅडमना फोन केला, भीती परत आली म्हणून तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, “ती जाईल आणि परत येणार नाही, असं मी कधी म्हटलं? ती येणार. तुम्ही खाली राहायचं.” त्याच दुपारी साडूंनी सातही स्टुलं टेम्पोत घालून बालवाडीला देऊन टाकली. लोणच्याच्या बरणीपर्यंत आता हात कसा पोचायचा, असं ताईने विचारलं. साडू म्हणाले, “नको खाऊ लोनचं.”

गणपतीला पंधरा-वीस दिवस राहिले असताना मी आमची मूर्ती बघायला गेलो होतो. कारखाना नुसता गजबजला होता. बांधाबांधीच्या पेंढ्याचे भारे दारापर्यंत आले होते. साडू एका मोठ्या मूर्तीच्या उजव्या डोळ्याची आखणी करत होते आणि चिमी शेजारी उलट्या घमेल्यावर पाय वर घेऊन बसली होती. तेवढ्यात पेंढ्यातून उंदीर निघाला. चांगला मोठा. आमच्या तिघांच्या मधून, अगदी सावकाश. मी पाहिलं, चिमीने उंदराकडे बघितलंच नाही. तिने वळून आजोबांच्या तोंडाकडे बघितलं. मुठी आवळल्या होत्या, ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ती थांबली होती. ते काय करतात हे बघायला.

साडूंचा हात मूर्तीच्या डोळ्यावर होता तिथेच राहिला. मानेवरून घामाची धार शर्टात गेली. पायाची बोटं जमिनीत रुतवल्यासारखी आवळलेली मला दिसत होती. आणि मग ते अगदी सहज, शेजाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाले, “काय रे, जेवलास काय?” उंदीर थबकला, नाक लववलं आणि पोत्यांमागे गेला. चिमीच्या मुठी सुटल्या. “आबा, गेला.” “जाऊ दे गो. त्याला बी कामं आसतील.” मग तिने एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि जमिनीवर मांडी घालून बसून आपला ब्रश रंगात बुडवला.

साडूंनी तो डोळा पुरा केला, ब्रश धुतला आणि मागच्या बाजूला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेलो. ते धुणं धुवायच्या दगडावर बसले होते, दोन्ही हात बादलीत बुडवून, कारण बाहेर काढले तर थरथरत होते. त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत नुसता धडधडाट चालला होता. “मी बरा नाय झालो रे साडू,” म्हणाले. “आजून तेवढाच घाबरतो. नुसता बसलो.” मग इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, “तिला दिसलं काय?” मी म्हटलं, नाही. त्या मोठ्या देहाच्या माणसाने मान खाली घातली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता, की मी तो लपवायला नळ सोडून उगाच तोंड धुतलं.

मॅडमनी पुढच्या बैठकीसाठी दोनदा फोन केला. साडू गेले नाहीत. “माझं काम झालं बाय, आता दुसऱ्या कुनाला तरी बरं करा,” म्हणाले. चिमी आता शाळेत जाते, जमिनीवर बसते, उंदीर दिसला तर त्याची चौकशी करते. ती घरात असली की साडू पाय जमिनीवर ठेवून बसतात. ती शाळेत असली की टेबलावर चढतात, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं त्यांना चालत नाही.

मात्र त्या दिवसापासून माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. आमचा मुलगा पस्तिशीला आला. कुंडलिका नदीच्या काठावर वाढलेला हा मुलगा पाण्यात उतरत नाही. त्याच्या बरोबरीची पोरं पुलाखाली सूर मारायची आणि हा वर कठड्याशी उभा असायचा. मुळातच भित्रा आहे, असं मी चारचौघांत कित्येकदा बोललो आहे. पुलावरून जाताना मी त्याचं मनगट धरायचो. ओरडलो कधीच नाही. नुसतं धरायचो, आणि पूल संपेपर्यंत माझी बोटं इतकी घट्ट असत, की पलीकडे गेल्यावर त्याच्या हातावर वळ दिसायचे. तो वळ बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मला स्वतःला पोहता येत नाही, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा पुण्याहून फोन आला. मुलीला पोहायला शिकायचंय म्हणाला, काय करू? मी म्हटलं, पाठव. आणि तू काठावर बस. ती मागे वळून तुझ्याकडे बघेल, तेव्हा हस. मग त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही याल का माझ्याबरोबर बसायला?” येतो म्हणालो. रविवारची गाडी आहे, आणि माझ्या तळहातांना आतापासूनच घाम सुटलाय.